पहिली डिझायनर बॅग घ्यायचीय, बडोद्याच्या हवेत काय टिकतं?

पिंपळपान:
नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, मांजलपूरला राहते, नोकरी मकरपुरा जीआयडीसीत. यंदा बोनस बरा झालाय आणि खूप दिवसांपासून मनात आहे की एक चांगली डिझायनर हँडबॅग स्वतःच्या पैशाने घ्यायची. बजेट दीड लाख, त्याच्या वर एक रुपया नाही. डोक्यात सध्या लुई व्हिटॉनची नेव्हरफुल आहे, कोचची टॅबी आहे, आणि मैत्रीण सारखी म्हणतेय की सेकंडहँड शनेल बघ, पुढे भाव वाढतो.

ब्रँडची माहिती नकोय, ती यूट्यूबवर पोत्याने आहे. ज्यांनी बरीच वर्षं बॅगा घेतल्यात, जमवल्यात, त्यांना काय कळलं ते हवंय. कारण त्या व्हिडिओतल्या बायका गाडीतून उतरतात नि कॅफेत शिरतात, मी रोज ॲक्टिव्हावर जाते, पावसाळ्यात सगळं दमट आणि मे महिन्यात बॅगेतली लिपस्टिक वितळते. दुसरं म्हणजे मावसबहीण लंडनला असते, दिवाळीला येतेय, तिच्याकडून मागवली तर स्वस्त पडेल का? आणि तिसरं, आत्या तिची जुनी लुई व्हिटॉन स्पीडी मला देतेय, कित्येक वर्षं कपाटात पडून होती, ती खरी आहे की नाही कसं ओळखायचं, आणि दुरुस्त करून वापरता येईल का? कृपया सविस्तर सांगा, घाई नाही.

अलकापुरीकर:
अगं किती बरं वाटलं वाचून, बडोद्याच्या हवेचं कुणी विचारतच नाही आणि सगळं तिथेच तर अडतं.

नव्वदच्या दशकापासून बॅगा घेतेय, माझ्या आणि ओळखीतल्या बायकांच्या बॅगा बघून एक गोष्ट पक्की सांगते, आपल्याकडे वापरातली बॅग टिकते आणि कपाटातली खराब होते. महागाची आहे म्हणून डस्टबॅगमध्ये, म्हणजे बॅगेसोबत मिळणाऱ्या कापडी पिशवीत घालतात, वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळतात, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात सरकवतात आणि मग नोव्हेंबरात कुणाच्या लग्नाला काढली की बाहेरून पांढरी बुरशी आणि आतल्या खिशात हात घातला की अस्तर गुळासारखं बोटांना चिकटतं. हे नकली बॅगेचंच होतं असं नाही हं, नव्वदच्या दशकातल्या चांगल्या चांगल्या ब्रँडच्या बॅगांचं झालंय. आतल्या कापडावर पॉलियुरेथेनचा थर असायचा, हवेतल्या ओलीने तो हळूहळू तुटतो, मग सुटे पापुद्रे निघतात नाहीतर चिकट होतो. बंद जागेत कोंडलं की आणखी लवकर. म्हणून जुनी बॅग घेताना आधी खिशात हात घालून बघ, बाहेरचं चामडं नंतर. ऑनलाइन घेत असशील तर खिसा उलटा करून फोटो माग, ज्याला द्यायचा नाही त्याच्याकडून घ्यायचीच नाही.

ठेवायचं कसं ते सांगते. प्लास्टिक अजिबात नको, जुन्या सुती साडीची किंवा उशीच्या अभ्र्याची पिशवी उत्तम. आत पांढरा कागद किंवा जुना टॉवेल भरायचा म्हणजे आकार बिघडत नाही, वर्तमानपत्र नको, शाई लागते. चेनवाली असेल तर चेन आत घालून कापडात गुंडाळायची, नाहीतर चामड्यावर कड्यांचे वळ उमटतात आणि ते जात नाहीत. सिलिका जेल ठेव, पण बुटाच्या खोक्यातली पुडी आयुष्यभर चालते असं समजू नकोस, रंग बदलणारी मिळते ती आण, निळी असेल ती गुलाबी झाली की ओल पिऊन भरली, मग गरम करून वाळवायची नाहीतर बदलायची. डांबराच्या गोळ्या बॅगेजवळ नकोतच, तो वास चामड्यातून निघत नाही आणि प्लास्टिकच्या भागांनाही त्या चांगल्या नाहीत. आणि श्रावणात, गणपतीत, दर आठवड्याला एकदा तरी सगळ्या बाहेर काढून पंख्याखाली ठेवायच्या, उन्हात नाही. आमच्याकडे शनिवारची सकाळ त्यालाच असते.

आता भाव वाढतो ह्याबद्दल. मैत्रिणीचं अर्धं खरं आहे. शनेलची मध्यम साइझची क्लासिक फ्लॅप, म्हणजे त्यांची ती झाकणाची बॅग, २०१९ ला अमेरिकेत सहा हजार डॉलरच्या आत होती, २०२४ ला दहा हजारांच्या वर गेली. पण हा दुकानातला भाव आहे गं, तू विकायला गेलीस तर तुला मिळणारा भाव नव्हे. बहुतेक सगळ्या बॅगा दुकानाबाहेर आल्या की उतरतात, हर्मेस कंपनीच्या बर्किन आणि केली ह्या बॅगा आणि थोड्या शनेल सोडल्या तर. आणि दीड लाखात जी शनेल दाखवतात तिच्यात काहीतरी असतंच, कोपरे घासून वरचा रंग गेलेला, नाहीतर पुन्हा रंगवलेली, नाहीतर सरळ खोटी. लॅम्बस्किनवर, म्हणजे कोकराच्या मऊ चामड्यावर तर नखाचासुद्धा ओरखडा उठतो, ॲक्टिव्हावर ती नकोच.

गेल्या वर्षी सगळ्यांच्या फोनवर ती बातमी फिरत होती ना, जिच्या नावाने ती बॅग आहे त्या अभिनेत्री जेन बर्किनची स्वतःची पहिली बर्किन, जुलै २०२५ मध्ये पॅरिसला सदबीजच्या लिलावात ८६ लाख युरोला गेली. आमच्या किटीत दोघीतिघींनी लगेच ठरवलं की बॅग म्हणजे गुंतवणूक. त्या बॅगेचे फोटो नीट बघ, झिजलेली आहे, स्टिकर काढल्याच्या खुणा आहेत, पट्ट्याला नेलकटर अडकवलेलं आहे. बाईने ती वर्षानुवर्षं रोज वापरली होती. मला तर ते बघून फार आनंद झाला.

तू आधी हे लिहून काढ की रोज बॅगेत काय काय जातं. डबा जातो का, छत्री, चार्जर, पाण्याची बाटली. त्या वस्तू ज्या बॅगेत मावणार नाहीत ती कितीही सुंदर असली तरी तुझी रोजची होणार नाही आणि मग ती कपाटात जाणार आणि पुढचं वर लिहिलंच आहे.

रावपुरा_टॉवर:
माझं मत वेगळं आहे आणि मनापासून सांगतो, राग मानू नये. दीड लाखाचं सोनं घ्या. घरातल्या बायकांनी हौसेने घेतलेल्या पर्सेस मी बघितल्यात, पाच वर्षांनी त्याचं काही येत नाही. मंगळबजारात आठशे रुपयात चांगली पर्स मिळते, फाटली की दुसरी. मेहनतीचा बोनस आहे.

पिंपळपान:
काका, राग कसला. सोन्यात दर महिन्याला थोडं टाकतेच, त्यातलं हे नाहीये. आठशेच्या पर्सचा पट्टा दर पावसाळ्यात सुटतो आणि वरचा थर सोलून कुर्त्याला लागतो, त्याला कंटाळूनच हे सुरू झालं.

सुई_दोरा_फतेगंज:
ताई, मी बॅगा आणि पट्टे दुरुस्त करतो, थोड्या स्वतः पण बनवतो, त्यामुळे मी लेबलापेक्षा आतून बघतो. रावपुरावाल्या काकांना म्हणेन की आठशेवाली सोलते कारण ती कापडावर पीयू म्हणजे पॉलियुरेथेन चढवलेली असते, ते चामडंच नसतं, तिच्यावर कितीही क्रीम लावा काही होत नाही. पण काकांचं एवढं खरं की नुसतं महाग म्हणून टिकाऊ असं मुळीच नाही, माझ्याकडे लाखाच्या बॅगा पण येतात.

नेव्हरफुलबद्दल बोलतो कारण तीच सगळ्यात जास्त विचारतात. पहिलं तर लुई व्हिटॉनचा मोनोग्राम, म्हणजे ते एलव्ही अक्षरांच्या नक्षीचं कापड, हे चामडं नाही, सुती कॅनव्हासवर पीव्हीसीचा थर असतो. हे वाईट म्हणून सांगत नाहीये, पावसात तो कॅनव्हास मस्त चालतो, पुसला की झालं. अडचण त्याच्या काठाच्या आणि हँडलच्या चामड्याची आहे, त्याला वाशेटा म्हणतात, कच्चं, वरून काही न लावलेलं गाईचं चामडं. नवीन असताना फिकट दुधी रंगाचं, हाताने आणि उन्हाने हळूहळू मधाच्या रंगावर जातं, ते फार देखणं दिसतं, पण सुरुवातीला त्यावर पावसाचा एक थेंब पडला तरी गोल डाग राहतो. आणि नेव्हरफुलला वर चेन नाही, मध्ये एक हूक फक्त, बाकी तोंड उघडं. पावसात ॲक्टिव्हावर पायाशी ठेवली तर पाणी सरळ आत. हँडल बारीक आहेत, लॅपटॉप भरला की खांद्यात रुततात. शिवाय दुकानात नवीन घ्यायची तर एमएम म्हणजे मधली साइझ आता दीड लाखात बसत नाही. ऑफिसला कारने जाणाऱ्या बाईला मी ती आनंदाने घ्या म्हणेन, तुम्हाला नाही.

टॅबी दाणेदार चामड्यात येते, ओरखडे कमी दिसतात, झाकण आहे, लांब पट्टा आहे म्हणजे अंगावर आडवी घेता येते, बजेटच्या बरीच आत. पण टॅबीच्या २६ नंबरच्या साइझमध्ये डबा नि लॅपटॉप विसरा, मोबाईल, पाकीट, किल्ल्या, छोटी छत्री एवढंच. एक काळजी घ्या, अमेरिकेतल्या आउटलेटमधून कुणी स्वस्तात कोच आणून देतो म्हणाला तर तिथल्या बऱ्याच बॅगा आउटलेटसाठीच वेगळ्या बनवलेल्या असतात, कोचच्याच असतात, खऱ्याच असतात, पण दुकानातल्या मॉडेलपेक्षा चामडं आणि कड्या हलक्या. किंमत कमी का आहे ते माहीत असू द्या म्हणजे झालं.

दुकानात हातात घेतली की काय बघायचं ते सांगतो. काठ बघा, जिथे दोन चामडी जुळतात तिथे रंग भरलेला असतो, तो सारखा, गोल आणि गुळगुळीत पाहिजे, नखाने हळूच दाबला तर चीर दिसायला नको. पट्टा जिथे बॅगेला जोडतो ती जागा बघा, सगळं वजन तिथेच येतं, माझ्याकडे येणारं निम्मं काम त्या दोन इंचाचंच असतं. टाके तिरके की सरळ हे मशीन का हात ह्यावर आहे. हर्मेसचा हाताचा टाका एका दोऱ्याला दोन सुया लावून घालतात, त्यात एक टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात, मशीनच्या टाक्यात एक तुटला की पुढचे उसवत जाऊ शकतात, म्हणून मशीनची असेल तर पहिला दोरा सुटला त्याच आठवड्यात दुरुस्तीला टाका, थांबू नका. चेन मागेपुढे सावकाश ओढा, कोपऱ्यात अडकली तर पुढे तिथेच दात निघणार.

आणि बॅग ॲक्टिव्हाच्या हुकाला लटकवू नका. हँडल एकाच जागी घासून काळं पडतं, खड्ड्यात धक्का बसला की टाका ताणला जातो. सॅनिटायझर लावलेला ओला हात चामड्याला लावू नका, वरचा रंग उठतो. खोबरेल तेल कुणी सांगेल, ते पण नको, डाग पडतात.

२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी घरांत शिरलं तेव्हा माझ्याकडे भिजलेल्या बॅगांची रांग लागली होती. ज्यांनी लगेच आतलं सगळं काढून टॉवेल भरून पंख्याखाली सावलीत सुकवल्या, दर थोड्या वेळाने टॉवेल बदलला, त्या बऱ्याचशा वाचल्या, डाग राहिले पण चामडं जिवंत राहिलं. ज्यांनी हेअर ड्रायर मारला किंवा गच्चीत उन्हात टाकल्या त्यांचं चामडं कडक होऊन चिरलं. आत पुठ्ठा घालून ताठ केलेल्या बॅगा मात्र फुगल्या त्या फुगल्याच. एवढ्यासाठी तळमजल्यावर राहत असाल तर बॅगा वरच्या कप्प्यात.

डिझायनर म्हणजे परदेशीच पाहिजे असं नसेल तर पाँडिचेरीची हायडिझाइन पण बघा, १९७८ पासून आहे, वनस्पतींच्या सालीने कमावलेल्या चामड्याचं काम करतात, मी त्यांच्या जुन्या बॅगा दुरुस्त केल्यात, चामडं वयाबरोबर छान होतं. माझं कुणाशी घेणंदेणं नाही.

सीए_कारेलीबाग:
लंडनच्या प्रश्नापुरतं. १ जानेवारी २०२१ पासून लंडनच्या दुकानातून घेऊन स्वतः सोबत नेलेल्या वस्तूवर टूरिस्टला व्हॅट परत मिळत नाही. तुमची बहीण तर तिथे राहतेच, तिला तसाही मिळाला नसता. म्हणजे २० टक्के व्हॅट धरून पूर्ण भाव. पॅरिसला अजून मिळतो, एका दुकानात १०० युरोच्या वर खरेदी झाली पाहिजे, फॉर्म दुकानातच भरून घ्यायचा, युरोपियन युनियन सोडताना शेवटच्या विमानतळावर शिक्का नाहीतर स्कॅन, हातात साधारण १२ टक्के येतात, मधली कंपनी आपली फी कापते. पण बहिणीने पॅरिसहून लंडनला नेली तर ३९० पौंडांच्या वर तिथल्या कस्टम्सला सांगावं लागतं, मग तो फायदा उरत नाही.

आपल्याकडे उतरताना ड्यूटी-फ्री मर्यादेच्या वर किंमत गेली तर रेड चॅनेलला, म्हणजे सामान जाहीर करायच्या रांगेत जायचं आणि ड्यूटी भरायची, किती ते प्रवासाच्या आधी कस्टम्सच्या साइटवर बघून घ्या, हे आकडे बदलत असतात. खोकं आणि बिल फेकून टॅग काढून वापरलेली म्हणून आणा असं लोक सांगतात, ते करू नका. एक तर ते खोटं बोलणं आहे आणि दुसरं, पुढे विकायची किंवा कंपनीकडे दुरुस्तीला द्यायची झाली तर बिलाशिवाय तुम्हालाच त्रास. भाव, ड्यूटी आणि क्रेडिट कार्डाची परदेशी चलनाची फी, तिन्ही मिळवून मग मुंबईच्या दुकानातल्या भावाशी तुलना करा. कोचसारख्या बॅगेला फरक फार उरत नाही असं माझ्या बऱ्याच क्लायंटना दिसलंय.

पिंपळपान:
तुम्ही सगळ्यांनी किती लिहिलंत, खरंच थँक्यू. लंडनचा विचार सोडला. आत्याकडून काल स्पीडी आणली. आतलं अस्तर तपकिरी सुती कापडाचं आहे, कोरडं आहे, चिकट नाही. हँडल गडद तपकिरी झालेत, एकावर पाण्याचे डाग, टोकाशी चामडं चिरलंय. आत खिशाजवळ चामड्याची छोटी पट्टी आहे, त्यावर व्हीआय आणि ०९६७ असं दाबलेलं आहे. पण मागच्या बाजूला एलव्ही सगळे उलटे आहेत, ते बघून धाकटी जाऊ म्हणाली की ही नकली. आत्या म्हणते तिच्या नणंदेने पॅरिसहून आणलेली. तिला वाईट वाटलं.

अलकापुरीकर:
आत्याला आधी फोन कर आणि सांग की उलटे एलव्ही ही खोटेपणाची खूण नाही. मोनोग्रामची स्पीडी कॅनव्हासच्या एका अखंड तुकड्यातून बनते, तो खालून गुंडाळून वर येतो, म्हणून एका बाजूला सुलटे तर दुसरीकडे उलटे दिसणारच. उलट दोन्हीकडे सुलटे असते आणि तळाला शिवण नसती तर मी विचारलं असतं.

तो आकडा म्हणजे डेट कोड, बॅग कधी आणि कुठे बनली ते सांगणारा. १९९० ते २००६ पर्यंत पहिला आणि तिसरा आकडा महिना, दुसरा आणि चौथा वर्ष. तुझ्या बॅगेत ०९६७ म्हणजे ०६ आणि ९७, जून १९९७. व्हीआय हा फ्रान्सचा कोड. २००७ पासून महिन्याच्या जागी आठवडा आला, म्हणजे २१४९ असेल तर २०१९ चा २४ वा आठवडा, आणि कुणी विकायला आणलेल्या बॅगेत आठवडा साठावा वगैरे निघाला तर तिथेच उठायचं. २०२१ पासून कोड बंद करून आत चिप घालतात, म्हणून २०२३ ची सांगून डेट कोड दाखवणारा पण खोटा. एवढं असलं तरी कोड बरोबर म्हणजे बॅग खरी असं होत नाही, नकली करणारे बरोबर कोड पण दाबतात. बॅगेचं वय, आत्याची हकीकत, अस्तर, कॅनव्हास सगळं एकमेकांशी जुळतंय का बघायचं, आणि तुझ्या वर्णनावरून जुळतंय. खात्री हवी तर कंपनीच्या दुकानात दुरुस्तीला दे, नकली असेल तर ते हातच लावत नाहीत.

आणि आत्याला हेही सांग की आपल्या बडोद्याच्या महाराजांसाठी लुई व्हिटॉनने १९२६ साली चहाच्या भांड्यांची खास पेटी बनवली होती, त्यांच्या प्रदर्शनांतून ती दाखवतात. आपल्या गावाचं ह्या घराण्याशी शंभर वर्षांचं नातं आहे, मला त्याचा फार अभिमान वाटतो.

सुई_दोरा_फतेगंज:
ताई, हँडल मला किंवा कुठल्याही मोच्याला देऊ नका, काम येऊनही सांगतोय. कंपनी पैसे घेऊन हँडल बदलून देते, त्यांचंच वाशेटा वापरून. एकदा बाहेरचं चामडं लावलं किंवा रंग मारला की मग ते घेत नाहीत. नवीन हँडल फिकट येतील, बाकीची पट्टी गडद, ते दोन रंग काही महिने डोळ्यात येतील. रोज थोडं सकाळचं कोवळं ऊन दाखवा, दुपारचं नाही, आणि हात स्वच्छ धुऊन वापरा, रंग जुळत येतात. स्पीडीला वर चेन आहे त्यामुळे ॲक्टिव्हाला नेव्हरफुलपेक्षा बरी, पण ही हातात धरायची, खांद्याची नाही. डिकीत मावते का बघा, ऊन असेल तेव्हा डिकीत ठेवून ऑफिसात जाऊ नका.

पिंपळपान:
आत्याला फोन केला, तिने नणंदेला पण सांगितलं. ठरलं, स्पीडीचे हँडल कंपनीकडून करून घेणार आणि बाकीच्या पैशात पुढच्या महिन्यात मुंबईला जाऊन टॅबी किंवा त्याहून थोडी मोठी काही दाणेदार चामड्यातली बघणार. रंगाचं सांगा ना, मला तो फिकट क्रीम फार आवडलाय.

अलकापुरीकर:
जीन्स घालतेस का रोज? मग क्रीम नको गं. गडद जीन्सचा निळा रंग मागच्या बाजूला चढतो, घाम आला की आणखीच, आणि फिकट चामड्यातून तो बहुतेक वेळा पुरता निघत नाही. तपकिरी, गडद मरून, काळी, ह्यातली घे. आणि मुंबईला जाताना तुझा डबा, छत्री, बाटली सोबत ने, दुकानात सांगून बॅगेत घालून बघ, चेन लागते का, खांद्यावर घेऊन आरशासमोर दोन मिनिटं उभी राहा. चांगल्या दुकानात कुणी नाही म्हणत नाही.